घारटेकवर आम्ही काही ठेवलं नाही

बातमीदारीत आयुष्य गेलं की घरात दोन ढीग साठतात. एक छापून आलेल्या बातम्यांच्या कात्रणांचा. त्याला वाळवी लागते. दुसरा, जे छापून आलं नाही त्याचा. त्याला वाळवीसुद्धा तोंड लावत नाही, कारण तो कागदावर नसतोच. चार माणसं चहाला बसतात, कुणीतरी म्हणतं, "अगं, मास्तरांचा तो लाल फडक्यांचा किस्सा सांग ना!" आणि ढीग बोटभर वाढतो.

हे किस्से आमच्या रविवारच्या टोळीचे आहेत. टोळी म्हणजे मी, चष्म्याच्या दुकानाचे यूसुफभाई, करंजाड्यात राहणारं शिल्पा आणि समीर हे जोडपं, येऊन-जाऊन असणारे आणखी काही आणि सगळ्यांना दटावणारे मास्तर. ठिकाण एकच, घारटेक नावाची टेकडी. पनवेलहून आपट्याकडे जाताना गावाच्या बरंच अलीकडे लागायची. किल्ला नाही, लेणी नाहीत, धबधबा नाही. त्यामुळे गर्दी नाही. करवंदीच्या जाळ्या, पळस, काटेसावर, माथ्यावर एक शेंदूर फासलेली दगडी देवी आणि तिच्या डोक्यावर गोल फिरणाऱ्या घारी.

नकाशात शोधू नका. आता जमिनीवरही शोधू नका.

पण सुरुवातीचे किस्से हसायचे आहेत. तेव्हा आधी हसून घेऊ.

*

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीचे! आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. रिटायर झाले तरी अंगातली गाडी उतरली नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी माणसं मोजायची, मग जीभ टाळूला लावून दोनदा घंटा वाजवायची, "टण टण!" की आम्ही निघायचं. एकदाच "टण" म्हणजे थांबायचं. खांद्याला तीच जुनी चामड्याची बॅग. जिच्यात जन्मभर तिकिटाचे पैसे टाकले, तिच्यात आता वेफर्सची रिकामी पाकिटं.

नियम एकच. वर नेलं ते खाली आणायचं.

माझ्या पहिल्याच रविवारी समीरने संत्रं सोललं आणि साल झुडपात टाकली. मास्तरांनी एकदाच घंटा वाजवली. आम्ही सगळे जागच्या जागी उभे.

"साल उचला."

"मास्तर, ती बायोडिग्रेडेबल आहे," समीर म्हणाला. "मातीत आपोआप मिसळून जाते."

"हां? मग घरी न्या नि सोफ्याखाली टाका. तिथं पन मिसळंल!"

समीरने साल उचलली. त्यानंतर वर्षानुवर्षं तो संत्रं घरूनच खाऊन यायचा.

*

एकदा माथ्यावर यूसुफभाईंना जोराची शिंक आली आणि हातातला टिश्यू वाऱ्याने कड्याखाली गेला. मास्तरांनी पूर्ण टोळीला शोधायला लावलं. कड्याखाली, जाळीत, दगडांच्या फटींत. टिश्यू काही सापडेना. शेवटी यूसुफभाईंनाच काहीतरी सापडलं. गुटख्याचं रिकामं पाकीट, ऊन खाऊन पांढरं पडलेलं.

"मास्तर, ये अपना नहीं है," ते म्हणाले आणि टाकून द्यायला लागले.

"बॅगंत टाका."

"अरे, पण कुणी खाल्लं, कुणी फेकलं..."

"पाशिंजर आपला नसंल, यूसुफभाई. गाडी आपली हाय!"

यूसुफभाईंनी पाकीट बॅगेत टाकलं, हात झटकले आणि म्हणाले, "खुदा ना करे, पण तुम्ही जन्नतला गेलात ना, तर दारातच विचाराल, पहले ये बताओ, कचरा कहाँ डालते हो!"

*

पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी होती. तिथली ठमीबाई मोसमात पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकायची. एरवी कधी वीटभट्टीवर, कधी कुणाच्या शेतावर. तिच्या झोपडीपुढे एक चिंच होती, ती आमची वेटिंग रूम.

शिल्पा बँकेत ऑफिसर. आमच्यात सगळ्यात कट्टर तीच. स्टीलची बाटली, बांबूचा ब्रश, कापडी पिशव्या. एका रविवारी तिने ठमीबाईला चिंचेखाली बसवून 'झिरो वेस्ट' समजावून सांगितलं. घरातून कचरा बाहेर पडताच कामा नये, वस्तू पुन्हा पुन्हा कशी वापरायची, वगैरे. ठमीबाईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे काय टाकायचंच नाय?"

"नाहीच!"

"बरं," ठमीबाई म्हणाली. "पन बाय, टाकायला आदी काय तरी असाया लागतं."

शिल्पा हसली. मग हसायची थांबली. त्या दिवशी तिने करवंदांचे सगळे द्रोण विकत घेतले.

*

मास्तरांचा दुसरा नियम, जो पहिल्यातूनच आला होता, तो फोटोचा. काढायचे नाहीत. काढलेच तर मोबाइलवर टाकायचे नाहीत.

हा नियम येण्याआधी समीरने एक रील टाकलं होतं. पहाटेचं धुकं, घारी, मागे बासरी. हजारो लोक विचारायला लागले, 'लोकेशन प्लीज!' मास्तरांना कळलं, तेव्हा ते समीरच्या ऑफिसात गेले. पनवेलहून बेलापूरला, भर दुपारी, रिसेप्शनवर!

"काढून टाका ते."

"मास्तर, लोकांना आवडलंय. निसर्ग बघतील, प्रेम करतील."

"पलीकडच्या डोंगरावर गेलता काय हल्ली? लय प्रेम केलंय लोकांनी. मॅगीची गाडी लागते, दगडावर नावं हायेत, बाटल्यांवरून पाय घसरतो."

समीरने रील काढलं. पण काढण्याआधी ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं, त्यांना त्याने एकच उत्तर देऊन ठेवलं होतं, 'साताऱ्याजवळ.' ठाण्याची एक गँग दोन गाड्या घेऊन साताऱ्याला जाऊन आली म्हणे! परत येऊन त्यांनी लिहिलं, 'ब्रो, खूप शोधलं, पण मजा आली.'

आम्ही कितीतरी रविवार त्यावर हसलो.

*

त्याच काळात मी मास्तरांना विचारलं होतं, एवढं काय आहे हो या टेकडीत? बाकी डोंगर थोडे आहेत का? बातमीदाराला असे प्रश्न विचारायची खोड असते.

मास्तरांनी मला माथ्याच्या पश्चिमेच्या टोकाला नेलं आणि हात लांब केला.

"ती टावरं दिसतात? तिथं आमची भातशेती व्हती. आता सेक्टर हाय. त्याच्या मागं खाडी व्हती. भरली. माजं गाव त्या तिथं व्हतं, उठवलं नि इकडं बसवलं. शाळा गेली, शाळंपुढचा वड गेला, होडी लागायची ती जागा गेली. मी ड्युटीवरनं घरी यायचो तर दर खेपंला कायतरी हललेलं असायचं." मग त्यांनी पायाखालच्या खडकावर टाच आपटली. "येवढं येक हाय, ताई. लहानपनी आयसचं बोट धरून लाकडाला यायचो, तवा व्हतं तिथंच हाय. मी मेल्यावर पन इथंच पायजे. बाकी मना काय नको."

मी ते कुठेच लिहिलं नाही. यात बातमी काय होती?

*

आता दगडाचा किस्सा.

रविवारी उतरल्यावर मास्तर चिंचेखाली बॅगा तपासायचे. कधी सांगून, कधी न सांगता. एसटीत तिकीट तपासनीस येतात, तसं. कुणी कचरा वर सोडला का हे पाहायला. एका रविवारी त्यांनी शिल्पाची सॅक उघडली आणि आतून कचरा नाही, गारगोटी निघाली. मुठीत मावेल एवढी, पांढरी, मधून मधाच्या रंगाची रेघ गेलेली. फार देखणी होती.

"हे काय?"

शिल्पा लाजली. "आठवण आहे, मास्तर. मी प्रत्येक ट्रेकचा एक दगड नेते. खिडकीत मांडून ठेवलेत सगळे."

"आठवन डोक्यात ठिवायची. दगड कनाला?"

"एवढासा तर आहे! एका दगडाने काय होतंय?"

"सगळी मानसं येकेकच दगड नेतात, पोरी."

समीर मध्ये पडला. ऊन फार झालंय, पुढच्या रविवारी ठेवू. यूसुफभाईंनी सांगून पाहिलं, माफ करा बेचारीला. मीसुद्धा भांडले. मास्तर ऐकायला तयार नाहीत. त्यांनी गारगोटी तिच्या हातात ठेवली.

"जा. जागेवर ठेवून ये. आमी खाली थांबतो."

आणि जिभेने, "टण टण!"

गेली बिचारी. भर उन्हात. आम्ही चिंचेखाली बसलो, ठमीबाईने पाणी दिलं. शिल्पा परत आली, तेव्हा चेहरा लालभडक, केसांत काटे, ओढणी फाटलेली.

"लवकर आलीस!" यूसुफभाई म्हणाले.

"धावत उतरले," ती म्हणाली.

मास्तरांनी स्वतःच्या हाताने तिला पाणी दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला पाणी दिल्याचं मी पाहिलं नव्हतं.

*

मग तो लाल फडक्यांचा.

एका सकाळी वर गेलो तर जागोजागी खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना लाल फडकी बांधलेली. खडकांवर चुन्याच्या फुल्या. मास्तर भडकले. "लोकांना सनवार करायला हाच डोंगर गावतो?" त्यांना वाटलं, कुणी नवस-बिवस केलाय. टोळी कामाला लागली. खुंट्या उपटल्या, फडकी बॅगेत, फुल्या पाणी ओतून ब्रशने घासल्या. आमच्या बाटल्यांतलं प्यायचं पाणी संपलं त्यात. जाताना मास्तर म्हणाले, "आता बघा कसा सोच्छ दिसतो!"

पुढच्या रविवारी पायथ्याशी पांढरी जीप उभी. गॉगलवाला एक तरुण इंजिनिअर कमरेवर हात ठेवून.

"आमचे सर्व्हेचे मार्क कुणी काढले?"

"आमी," मास्तर म्हणाले. "कचरा व्हता."

"अहो, कचरा? लीज मंजूर व्हायची आहे या टेकडीची! दगडाची खाण येणार आहे इथे!"

मास्तरांनी बॅग उघडली, घडी करून ठेवलेली लाल फडकी बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मंग हे तुमचं. वर नेलेलं खाली आनायचं असतं."

त्या दिवशी आम्ही हसलो होतो, हे आज सांगवत नाही.

*

खाणीची जनसुनावणी एका मंगल कार्यालयाच्या आवारात होती. मांडव, पंखे, प्रत्येक खुर्चीवर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, मागे जेवणाची भांडी. मी आयुष्यात अशा पुष्कळ सुनावण्या पाहिल्यात. ऐकून घ्यायला म्हणून बोलावतात आणि जेवायला घालून पाठवतात. पण ही मी विसरणार नाही.

कंपनीचा सल्लागार पडद्यावर चित्रं दाखवत होता. सभ्य माणूस. आवाज मऊ. त्याने वाचलं की सदर टेकडीवर नियमित मानवी वावराच्या कोणत्याही खुणा आढळून आलेल्या नाहीत. पर्यटनमूल्य नगण्य.

मास्तर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"आमी दर रविवारी जातो. किती वर्सं."

"काही पुरावा आहे का, काका? फोटो? पोस्ट?"

"फोटो आम्ही काढत नाही," समीर म्हणाला.

"तुमच्या ग्रुपचा बोर्ड वगैरे? कुठे रंगवलेला बाण, एखादी टपरी?"

"नाय लावला," मास्तर म्हणाले. "मुद्दाम नाय लावला."

"वाडीतले लोक पन जातात वर," मागून ठमीबाई म्हणाली. "देव हाय आमचा."

"शेंदराचा दगड आणि पायवाट आमच्या नोंदीत आहेत, आजी. दगड हलवता येण्याजोगा आहे. पायवाट जनावरांची असावी असं म्हटलंय."

मी उठले. मी सांगितलं की मी स्वतः येते, मी बातमीदार आहे, लिहून घ्या. सल्लागाराने नम्रपणे मान डोलावली.

"मॅडम, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण आमची टीम तिथे चार वेळा फिरली. एक रॅपर मिळालं नाही. चुलीची राख नाही. दगडावर एक नाव नाही. शेजारच्या डोंगरावर बघा, हे सगळं भरपूर सापडलं. म्हणून तर तो आम्ही पर्यटनस्थळ म्हणून वगळलाय."

यूसुफभाई सावकाश उठले. "मतलब, हमने गंदगी की होती तो बच जाता?"

"मी असं म्हटलेलं नाही," सल्लागार म्हणाला. "मी फक्त पाहणी सांगितली."

संपलं. लोक जेवायला गेले. आमचे मास्तर खुर्च्यांच्या रांगांमधून वाकून वाकून चालायला लागले. अर्ध्या प्यालेल्या बाटल्या उचलत होते. शिल्पाने त्यांचा हात धरला.

"मास्तर, आज नको. आज राहू द्या ना."

"उठलो तिथं काय ठेवायचं नाय," मास्तर म्हणाले आणि पुढच्या रांगेत गेले.

*

मी बातमी लिहिली. या देशात डोंगर वाचवायचा असेल तर आधी त्याच्यावर घाण करून ठेवा, अशी सुरुवात केली होती. डेस्कवरून फोन आला, "ताई, फार निगेटिव्ह वाटतंय." भांडले. माझी भांडणं डेस्कला पाठ आहेत, त्यांनी पलीकडे फोन टेबलावर ठेवून दिला असणार. एक कॉलम छापून आला, पहिली ओळ कापून. शेजारी पाऊण पान जाहिरात होती, 'निसर्गाच्या कुशीत, तुमच्या हक्काचं घर!' जाहिरातीत डोंगर होता. हिरवागार.

*

देवीचं काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा खाणीचा मुकादम वाडीवर गेला. त्या दिवशी मी तिथेच होते. अगदी अदबीने बोलला. म्हणाला, "आजी, देव आम्ही शिफ्ट करून देतो. खाली रस्त्याला. पक्कं देऊळ, टाइल्स, लाइट, घंटा. तुमाला चढायचा त्रास नको!"

ठमीबाईने माथ्याकडे पाहिलं.

"तिला वरनं आमची वाडी दिसायची," ती म्हणाली. "रस्त्यावरनं काय दिसंल? तुजे डंपर?"

देऊळ झालं. टाइल्स गुलाबी आहेत. ठमीबाई तिथे जात नाही. सुरुंगांनी झोपडीचा कूड फाटला, तेव्हा ती लेकीकडे भट्टीवर राहायला गेली. चिंच कधी तोडली, ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

*

खाण सुरू झाल्यावरही मास्तर आम्हाला रविवारी नेत राहिले. आता पायथ्याला पत्र्याचं गेट होतं. आम्ही तिथपर्यंत जायचो, मास्तर माणसं मोजायचे आणि वॉचमनशी वाद घालायचे. वॉचमन बिहारचा, भला माणूस. "बाबा, ऊपर अब है ही क्या?" असं दर वेळी विचारायचा.

एका रविवारी गेटमधून आत पाहिलं तर माथा नव्हता. जिथे देवी होती, तिथे नुसतं आकाश. दोन घारी गोल फिरत होत्या, पूर्वीच्याच उंचीवर. त्यांना खाली काय गेलंय ते कळलं नसावं.

मास्तरांनी वर पाहिलं. मग आमच्याकडे वळले. माणसं मोजली नाहीत.

"टण," एवढंच केलं. एकदाच.

आणि पनवेलच्या दिशेने चालायला लागले.

*

करंजाड्यात शिल्पा-समीरच्या बाल्कनीतून घारटेक दिसायची. लांबवर, अंगठ्याच्या नखाएवढी. फ्लॅट घेताना बिल्डरने 'हिल व्ह्यू' म्हणून मिरवलं होतं. समीर सांगायचा, आधी नख कापल्यासारखं झालं, मग बोटाचं पेर गेल्यासारखं. शिल्पाने जाड पडदा लावला.

मग बाल्कनीसमोर नवा टॉवर उठायला लागला. आपट्याच्या रस्त्याने खडीचे डंपर यायचे, ताडपत्री उडत असायची. टॉवर इतका उंच गेला की पलीकडचं काहीच दिसेना. आम्ही त्यांच्याकडे चहाला जमलो होतो. कुणीतरी पडदा सारला. समोर करड्या काँक्रीटची भिंत.

"बरं झालं," समीर म्हणाला. "आता बघायलाच नको."

यूसुफभाईंनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला.

"पहाड गया नहीं, समीरभाई," ते म्हणाले. "पास आ गया है."

*

आता शेवटचा. हा मी कधी कुणाला पूर्ण सांगितलेला नाही.

मास्तर घराबाहेर पडायचे थांबले. सून सांगायची, खातात-पितात, बोलत मात्र नाहीत. सकाळी ओटीवर खुर्ची टाकून बसतात, बॅग मांडीवर. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो. ते आमच्याकडे पाहायचे, ओळखायचे की नाही कुणास ठाऊक. यूसुफभाई जोक सांगायचे. मी पेपर वाचून दाखवायचे. सून चहा आणायची. मास्तर गप्प.

एका रविवारी शिल्पा रडतच आली. समीर तिला धरून. ती मास्तरांच्या पायाशी ओटीवर बसली आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

गारगोटी. मुठीएवढी, पांढरी, मधाच्या रंगाची रेघ.

"मी वर गेलेच नव्हते, मास्तर," ती म्हणाली. "त्या दिवशी. वळणापर्यंत गेले आणि करवंदीच्या जाळीमागे बसून राहिले. हा दगड खिशात घालून खाली आले. एवढी वर्षं खिडकीत होता. तुम्ही मला पाणी दिलंत..."

यूसुफभाईंनी तोंड फिरवलं.

मास्तरांनी हात पुढे केला. गारगोटी घेतली. उजेडात धरली, रेघेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. सून दारात येऊन उभी राहिली होती. अख्ख्या घारटेकचा शाबूत उरलेला एवढाच तुकडा असेल.

"देवीच्या मागला," मास्तर म्हणाले. "उजव्या अंगाचा."

कित्येक महिन्यांनी आम्ही त्यांचा आवाज ऐकला.

त्यांनी गारगोटी शिल्पाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने त्यावर मिटली.

"जा, पोरी. जागेवर ठेवून ये. आमी खाली थांबतो."

शिल्पाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही खाली पाहिलं. मग ती उठली. पायरीवर बसून तिने बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या, गारगोटी मुठीत धरली आणि अंगणाच्या फाटकात जाऊन उभी राहिली. तिथून आपट्याचा रस्ता डावीकडे.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. एकेकाकडे बोट करत आम्हाला मोजलं. बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"टण टण!"